आप्पांचा काढा आणि रक्ती हगवण

बेळगावजवळच्या कंग्राळीतल्या आमच्या शेडमध्ये तेव्हा ब्रॉयलर कोंबड्यांची पाचवी बॅच होती, बावीस दिवसांचे पक्षी. नवरा उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत कामाला, त्यामुळे शेडचं सगळं मी आणि माझे सासरे बघायचो. सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणतो. आप्पांचा जीव त्यांच्या काढ्यात. लसूण, हळद, ओवा आणि कडुनिंबाचा पाला उकळून, गाळून ते पक्ष्यांच्या पाण्यात घालायचे. आधीच्या चार बॅचना पोटाचा त्रास झाला नव्हता. त्यामुळे गावातले दोघं-तिघं शेडवालेही काढा मागून न्यायचे.

त्या आठवड्यात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. बाजूच्या पडद्यातून पाणी आत आलं आणि खाली अंथरलेलं भाताचं तूस ओलं झालं. सकाळी आत गेले तर डोळ्यांतून पाणी यावं असा उग्र वास. पक्षी पंख पाडून कोपऱ्यात गोळा झालेले. वाकून बघितलं तर विष्ठेत रक्त.

"आप्पा, रक्त पडतंय."

"उष्णता झाली असंल. काढा दुप्पट करतो," ते माझ्याकडं न बघताच म्हणाले.

"किती मेलीत?"

"दोन."

मला ते पटेना. खाद्याच्या भांड्यांभोवती नेहमीची रेटारेटी नव्हती. मी शेडमागं गेले. तिथं एका जागी माती नुकतीच उकरलेली दिसली. काठीनं बाजूला केली तर पिसं वर आली. पुरलेले पक्षी एकोणीसपर्यंत मोजले आणि थांबले. पुढं मोजायचं धाडस झालं नाही.

परत आले तेव्हा आप्पा चुलीवर पातेलं चढवत होते. माझ्या हातातली चिखलानं भरलेली काठी बघून त्यांचा हात तिथंच थांबला.

"कवापासनं, आप्पा?"

"परवापासनं."

"आणि मला सांगायचं न्हाय?"

"सांगितलं असतं तर तू लगेच डाक्टर बोलावली असतीस. लोकं माझा काढा नेत्यात गं. काय म्हणली असती?"

लग्न झाल्यापासून मी सासऱ्यांपुढं आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "दोन दिवस तसंच घालवलं तुमी!" ते नुसते खाली बसले. मला वाईट वाटलं, पण फोन मी लावलाच.

जनावरांच्या डॉक्टर बाई मूळच्या निपाणीच्या, आता बेळगावात असतात. त्यांना यायला तास लागला. तेवढ्या वेळात माझ्या डोळ्यांदेखत आणखी तीन पक्षी मान टाकून गेले. बाईंनी त्यातला एक कात्रीनं फाडला. आतडं फुगून काळपट लाल झालेलं, आत रक्ताच्या गुठळ्या.

"रक्ती हगवण. आत्ताच पाण्यातनं औषध चालू करा. ओलं तूस बाहेर काढा. आणि मी सांगितल्याशिवाय एकबी पक्षी विकायचा न्हाय."

आप्पा दारात उभे होते. "माझ्या काढ्यानं झालं काय हे, बाई?"

"न्हाय आप्पा. काढ्यानं आतड्याला थोडाबहुत आधार मिळत असंल. पण रक्त पडायला लागल्यावर तेवढ्यावर भागत न्हाय. मला आधी बोलवायला पायजे होतं."

आप्पाच बोलले, "रक्त परवाच बघितलतो मी. मेलेली पुरली. सून काय करणार, तिला ठावंच न्हवतं."

बाईंनी हातमोजे काढले आणि औषधाचं प्रमाण मला लिहून दिलं.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी ओलं तूस पोत्यांत भरून बाहेर काढलं. पाठ धरली तरी आप्पा थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशीही पक्षी मरत राहिले. औषध लागू पडतंय की नाही कळेना. तिसऱ्या दिवशी दोनच गेले. चौथ्या सकाळी माझ्या आधीच उठून आप्पा शेडमध्ये जाऊन आले.

"आज एकबी न्हाय," ते म्हणाले.

मी हो म्हणायला हवं होतं. पण पाय शेडकडं वळले. प्रत्येक कोपरा बघितला, भांड्यांमागं बघितलं, शेडमागची मातीसुद्धा बघून आले. आप्पा तोवर दारातच उभे होते. मी कुठं कुठं गेले ते त्यांनी बघितलं होतं.

"व्हय आप्पा, एकबी न्हाय," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "रोज असंच बघत जा," म्हणाले आणि पाण्याची भांडी धुवायला बसले.