खंडेनवमीचं रिव्हॉल्व्हर

माझा नवरा प्रताप झुरळसुद्धा मारत नाही. क्लेमेंटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये झुरळ निघालं की तो मला हाक मारतो आणि मी चप्पल घेऊन येईपर्यंत स्टुलावर उभा राहतो. अकाउंटंट आहे, पंधरा वर्षं सिंगापुरात काढली, रिकाम्या रस्त्यावरही सिग्नल हिरवा झाल्याशिवाय पाऊल टाकत नाही. अशा माणसाने पिस्तुलं-बंदुका कशा निवडल्या ते सांगते. ऐकून कुणाला माझा राग आला तर येऊ दे. मलाही येतो.

फलटणच्या बाहेर, नव्या प्लॉटिंगमध्ये माझ्या सासू-सासऱ्यांचं घर आहे. बाबा साखर कारखान्यात केमिस्ट होते, रिटायर झाल्यावर हौसेने बांधलं. आजूबाजूचे प्लॉट अजून रिकामेच. प्रतापने हॉलमध्ये कॅमेरा बसवून घेतला होता, म्हणजे इथून फोनवर आई-बाबा दिसत. गेल्या वर्षी मे महिन्यात, भर दुपारी दोघं जण आले. विजेचं मीटर बघायचंय म्हणाले, बाबांनी दार उघडलं. एकाने पान्याने बाबांचं उजवं मनगट ठेचलं. दुसऱ्याने आईंना केस धरून फरशीवर आपटलं आणि कानातल्या कुड्या ओढल्या. फिरकी काढण्याइतकाही धीर नव्हता मेल्याला. दोन्ही पाळ्या फाटल्या.

प्रताप तेव्हा मीटिंगमध्ये होता, फोन सायलेंटवर. त्याने ते सगळं चाळीस मिनिटांनी पाहिलं, आणि मग पाहतच राहिला. जेवताना, मेट्रोत, दात घासताना. आईंची किंकाळी आमच्या घरात इतक्यांदा वाजली की ऋता, आमची लेक, कानाला हेडफोन लावूनच जेवायला बसायची.

मी म्हटलं, तिकीट काढ. तो म्हणाला, हो, क्वार्टर संपू दे. क्वार्टर संपला. मग दिवाळीत जाऊ म्हणाला, दिवाळी गेली. शेवटी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, आईचे ते कान मला बघवणार नाहीत. धावपळ सगळी त्याच्या चुलत भावाने, निशिकांतने केली. आणि आमच्या साहेबांनी काय केलं? एक्सेल उघडलं. बाबांना हत्यार घेऊन द्यायचं म्हणे.

फ्रिज घेताना केलं होतं तसंच केलं त्याने. एका रकान्यात बाराबोअरची दोननळी, दुसऱ्यात बत्तीसचं रिव्हॉल्व्हर, तिसऱ्यात पिस्तूल. वजन, लांबी, किती गोळ्या, झटका केवढा, गोळी किती आत शिरते. या देशात खेळण्यातली बंदूक कुरिअरने मागवली तरी अधिकारी चौकशीला येतात, माणसावर खरी झाडली तर फास. आणि हा त्या देशात बसून, ऑफिसच्या लंच टाइममध्ये हॉकर सेंटरला नूडल्स खात, कुठली गोळी पोट फाडते ते वाचत होता. त्याचं बोलणंच बदललं. एकदा भाजी चिरता चिरता सहज म्हणाला, छातीपेक्षा बेंबीच्या खाली मारलं तर माणूस जास्त वेळ तडफडतो. मी त्याच्या हातातली सुरी काढून घेतली.

पण निवड शेवटी मी केली, हे कबूल करते. मी इथे, नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. बाबांच्या मनगटाचे एक्स-रे मी पाहिले होते. दोननळीच्या झटक्याने त्यांचा खांदा निखळला असता, म्हणून मी रिव्हॉल्व्हर म्हटलं. त्याचा चाप फार जड असतो असं प्रतापच्या तक्त्यात होतं, म्हणून मी बाबांना रोज व्हिडिओवर रबरी चेंडू दाबायला लावला. आई शेजारी बसून दुसरा चेंडू दाबायच्या. रिकामी बसून काय करू, म्हणायच्या. बाबांचा अंगठा काही बोटांना टेकेना. आईंचा चेंडू दोन महिन्यांत फुटला.

लायसन्सला वर्ष गेलं. पोलीस चौकशी, कलेक्टर कचेरी, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. ट्रेनिंगला बाबांबरोबर आई जायच्या आणि मागच्या बाकावर बसून सगळं बघायच्या. पुण्याच्या दुकानात निशिकांतने मोबाइल धरला आणि प्रतापने इथून तीन नग उघडून-मिटून दाखवायला लावले. दुकानदार वैतागून गेला. आईंनी त्या दिवशी एकच विचारलं होतं, ‘तू कधी येतोस?’ प्रताप म्हणाला, ‘आता काळजी नाही आई, घरात वस्तू आहे.’

मग आली या वर्षीची खंडेनवमी. प्रतापच्या घराण्यात नवमीला शस्त्रं पाटावर मांडतात आणि दसऱ्याला दुपारी उत्तरपूजा होईपर्यंत कुणी हलवत नाहीत. आजोबांची तलवार अशी मांडलेली त्याने लहानपणी पाहिली होती. बाबांचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण प्रतापने हट्टच धरला. घरात नवं शस्त्र आलंय, पहिली नवमी आहे, रीतसर झालीच पाहिजे. त्यात सुरक्षेची त्याला कोण काळजी! गोळ्या काढून वेगळ्या वाटीत ठेवा, हळदीकुंकू वाहा, झेंडूची फुलं घाला, आणि उद्यापर्यंत हात लावू नका. मी ओरडले, ‘अरे, चोर काय पंचांग बघून येतात?’ तो म्हणाला, एका दिवसाने काय होतंय.

त्याच दिवशी साडेचारला आम्ही लिटिल इंडियात होतो. सेरंगून रोडवर तोरणाची फुलं घेत होतो. तिकडे दुपारचे दोन. कॅमेऱ्याच्या इशाऱ्याने प्रतापचा फोन थरथरला आणि या वेळी त्याने लगेच उघडला.

दोघंच होते, बहुतेक तेच. मागच्या दाराची जाळी उचकटून आले होते. एकाच्या हातात कोयता होता. त्याने कोयत्याची उलटी बाजू बाबांच्या तोंडावर हाणली आणि बाबा सोफ्यावरून खाली आले, दात आणि रक्त शर्टावर. दुसरा हसला. त्याला पाट दिसला होता. त्याने फुलं झटकून रिव्हॉल्व्हर उचललं, बाबांच्या कपाळाला लावलं आणि चाप ओढला.

नुसता खटका वाजला. मी फुलवाल्याच्या टेबलाला धरून उभी होते. त्याने पुन्हा ओढला, पुन्हा खटका. शिवी हासडून त्याने ते बाबांच्या डोक्यात फेकून मारलं आणि कपाट फोडायला आतल्या खोलीत गेला. कोयतेवाला बाबांच्या छातीवर पाय देऊन किल्ल्या मागत होता.

आई हॉलच्या कोपऱ्यातल्या देवघराशी, पाटाजवळच बसलेल्या होत्या. त्यांनी हात लांब करून फरशीवर पडलेलं रिव्हॉल्व्हर ओढून घेतलं, मधोमध दुमडून उघडलं आणि वाटीतल्या गोळ्या भरायला लागल्या. दोन खाली सांडल्या. हळदीने बोटं पिवळी झालेली मला एवढ्याशा स्क्रीनवर दिसत होती. कोयतेवाला वळला, कोयता उगारून दोन पावलं आला. आईंनी दोन्ही हातांनी चाप ओढला. पहिला बार रिकामा गेला, तिथे गोळीच नव्हती. दुसऱ्याला आवाज झाला आणि तो माणूस पोट धरून बसला, मग आडवा झाला. आतला त्याच्याकडे न बघता मागच्या दाराने पळाला.

आणि प्रताप ओरडायला लागला. कॅमेऱ्यातून आपला आवाज तिकडे जायला फोनवरचं माइकचं बटण दाबून धरावं लागतं. ते दाबून, भर रस्त्यात, गळ्याच्या शिरा ताणून तो ओरडत होता, ‘आई, अजून एक झाड! डोक्यात झाड त्याच्या! मारून टाक त्याला!’

लोक थांबून बघायला लागले. तो माणूस फरशीवर कण्हत होता, हात जोडत होता, पाणी मागत होता. मी फोन हिसकावून घ्यायला हवा होता. नाही घेतला. खोटं कशाला सांगू, मलाही तो मेलेला बघायचा होता. त्याच्या पोटातून जेवढं रक्त येत होतं त्याहून जास्त मला हवं होतं.

आईंनी रिव्हॉल्व्हर पुन्हा त्याच्यावर रोखलं. बराच वेळ. प्रताप ओरडतच होता. मग त्यांनी ते सोफ्याखाली सरकवून दिलं, पाटावरचं लाल वस्त्र ओढलं, घडी केली आणि त्या माणसाच्या पोटावर दाबून धरलं. बाबांना म्हणाल्या, एकशे आठला लावा फोन. बाबांचं तोंड रक्ताने भरलेलं, डाव्या हाताने फोन धरता येईना, तो सारखा निसटत होता.

‘सोड त्याला! मरू दे!’ प्रताप किंचाळला.

आईंनी मान वर केली. एरवी पदराने झाकलेले ते फाटलेले कान मी पहिल्यांदा नीट पाहिले त्या दिवशी, आणि प्रतापनेही.

‘गप बस,’ त्या म्हणाल्या. ‘तुझ्या बाबांचा हात चालत नाही, आणि माझे दोन पुरेनात. दीड वर्ष म्हणतेय मी, माणूस हवंय घरात. तू बंदूक पाठवलीस.’

प्रतापने बटणावरचं बोट काढलं.