सोडलं तिथं राहणारं दार

कुणाच्याही घरी गेले की मिस्त्री आधी आत जायचे नाहीत. उंबऱ्याशी थांबायचे, दाराला दोन बोटं लावून ते अर्धवट उघडायचे, हात काढून घ्यायचे आणि दाराकडे बघत राहायचे. दार आपोआप मिटायला लागलं किंवा भिंतीकडे निघालं की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. जागच्या जागी थांबलं तर म्हणायचे, "सोडलं तिथं ऱ्हायला पाह्यजे, भाऊ. मंग ते दार." त्यानंतर चपला काढायचे. तोवर घरातलं माणूस चहाचा कप धरून ताटकळलेलं असायचं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. लग्नाच्या पंगतीत बसून मांडवाचे खांब मोजणारा, नाहीतर दुसऱ्याच्या घरी गळका नळ दिसला की अस्वस्थ होणारा. आमच्या सुतार मिस्त्रींचं सगळं ध्यान दारात. एकदा मंचरच्या जीपमध्ये त्यांनी चालत्या गाडीचं दार तपासायला घेतलं आणि ड्रायव्हरने त्यांना अर्ध्या रस्त्यात उतरवून दिलं. ते पुढचं अंतर चालत आले. राग ड्रायव्हरचा नव्हता, बिजागरीचा होता.

माझं नारायणगावात खता-औषधांचं दुकान आहे. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मिस्त्री राहायचे आणि काम करायचे. मूळचे आहुपे बाजूच्या एका वस्तीवरचे. बायको वर डोंगरात भात-नाचणी बघायची, हे इकडे गावोगावच्या चौकटी बसवायचे. साठीला आलेले, अंगाने काटकुळे, बोलणं जेवढ्यास तेवढं.

मी खोडदच्या रस्त्याला आमच्या शेतात घर बांधायला काढलं तेव्हा सुताराचं काम त्यांच्याकडेच जाणार हे ठरलेलंच होतं. ते जागा बघायला आले. घराकडे त्यांनी पाहिलंच नाही. तिन्ही बाजूंनी लागलेल्या उसाकडे बघत राहिले. मग म्हणाले की पुढचं दार बाहेर उघडणारं करू.

मला हसू आलं. पुढचं दार म्हणजे पाहुण्याला आत घेणारं. आमच्याकडे सगळ्यांची दारं आतच उघडतात. बाहेर उघडतं ते सिनेमाच्या थेटरचं, असं मी त्यांना चिडवलंही. ते हसले नाहीत.

"बिबट्या ढकलतो, भाऊ. त्याला वढता येत न्हाई."

आमच्या भागात बिबट्या ही ऐकीव गोष्ट नव्हे, रोजचं आहे. संध्याकाळी पोरं वेळेत घरात घ्यावी लागतात, पाण्याच्या पाळीला जाताना घुंगराची काठी आपटत जावं लागतं. मिस्त्रींनी मग त्यांच्या डोंगरातलंही सांगितलं. तिकडे कोकणकड्यावरून वारा असा येतो की आत उघडणारी दारं कडीसकट उखडतात. दार बाहेर उघडणारं असलं की वारा जेवढा ढकलेल तेवढं ते चौकटीत घट्ट बसतं. फक्त त्यांची एक अट होती. दार अंगावर येणार, तेव्हा माणसाला मागे सरायला जागा हवी. पायरी तीन हात रुंद पाहिजे.

मी दोन्ही गोष्टींना हो म्हणालो. हे लक्षात ठेवा. मला पटलं होतं आणि मी हो म्हणालो होतो.

पुढे काय झालं, मी गाडी घेतली. रुंद पायरी केली तर गाडी पोर्चमध्ये वळेना. मी गवंड्याला सांगून पायरी दीड हाताची करून घेतली. मिस्त्रींनी ती पाहिली, वाकून आपल्या हाताने मापली, परत मापली. "हितं पावना पडंल, भाऊ," एवढंच म्हणाले. वास्तुशांत होऊन जाऊ दे, मग वाढवू, असं सांगून मी तो विषय मिटवला.

आमच्याकडे वास्तुशांतीला गवंड्याचा आणि सुताराचा टॉवेल-टोपी देऊन मान करतात. घरातल्या सगळ्यांत थोर माणसाच्या हातून टोपी घालायची असते. आमच्यात तो मान माझ्या सासऱ्यांचा. मोठे बागायतदार, बोलणं हळू, पण ते बोलायला लागले की मांडव गप्प होतो. मिस्त्री त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून, डोक्याला तेल लावून मांडवात पहिल्या रांगेत गवंड्याशेजारी बसले होते. मी त्यांना इतकं नीटनेटकं कधी पाहिलं नव्हतं.

सासऱ्यांना यायला उशीर झाला. ते आहेराचं ताट घेऊन पायरी चढले. आत माझ्या बायकोला वडिलांचा आवाज आला आणि तिने लगबगीने दार उघडायला ढकललं. दार बाहेर आलं. सासरे एक पाऊल मागे सरले. मागे पायरी नव्हती.

ते मांडवात खाली बसतेच झाले. डोक्यावरची टोपी घरंगळत माझ्या नव्या गाडीच्या चाकापाशी गेली. लागलं काहीच नाही. पोरं हसली, मग काही मोठ्यांनी तोंडं फिरवली, मग कुणीच हसेना. सासरे उठले, धोतर झटकलं आणि मला शांतपणे विचारलं, हे दार असं कुणी केलं?

एक वाक्य पुरलं असतं. दाराला मीच हो म्हटलं आणि पायरी मीच कापली. सासऱ्यांनी मला खाल्लं नसतं. फार तर महिनाभर बोलले नसते. पण अख्खा मांडव माझ्याकडे बघत होता आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"मी आत उघडणारं सांगितलं होतं. मिस्त्रींनी उलटं बसवलं."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. एखादं दार सोडल्यावर ते कुठवर जातंय हे बघावं, तसे ते बघत होते. मग उठले आणि सासऱ्यांपुढे त्यांनी हात जोडले.

"चुकलं माजं, पावणं. उद्या फिरवून देतो."

गवंड्याला टोपी घातली गेली. मिस्त्रींच्या टॉवेल-टोपीचं ताट तसंच राहिलं, त्याला कुणी हात लावला नाही, मीही नाही. पंगत बसली तेव्हा मिस्त्री मांडवात नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. मी मुद्दाम लवकर दुकानात जाऊन बसलो होतो. अख्खी चौकट काढून उलटी बसवायला त्यांना दिवस गेला. आईने चहा देताना विचारलं की तुमच्यासारख्याच्या हातून असं कसं झालं. वय झालं आता, असं त्यांनी तिला सांगितलं. संध्याकाळी घरी आलो तर दार आत उघडत होतं. मी ते अर्धवट सोडून पाहिलं. सोडलं तिथं राहिलं.

नाव पडायला आमच्याकडे वेळ लागत नाही. आठवड्याभरात ते 'उलट्या दाराचा सुतार' झाले. त्या वर्षी आमच्या रस्त्याला बरीच घरं चालली होती. त्यातलं एकही काम त्यांच्याकडे गेलं नाही. माझ्या दुकानात खत न्यायला येणारे लोक त्यांच्या शेडकडे बघून हसायचे आणि मी खताचं पोतं उचलायच्या निमित्ताने खाली वाकायचो. दिवाळीच्या सुमाराला शेड रिकामी दिसली. ते कुठे गेले हे मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. आज ते लिहितानाही लाज वाटते.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात ऊसतोड सुरू झाली. एका संध्याकाळी आई पुढच्या खोलीत खाटेवर बसली होती. दार नुसतं लोटलेलं होतं, कडी घातलेली नव्हती. आमचा कुत्रा दार ढकलून आत घुसला आणि त्याच्या मागोमाग बिबट्या. आईच्या खाटेपासून हातभर अंतरावर त्याने कुत्र्याला धरलं आणि आला तसा बाहेर गेला. आईला ओरखडाही नव्हता. पण ती पाय वर घेऊन बसली ती दोन दिवस खाटेवरून उतरली नाही की बोलली नाही.

वनखात्याची माणसं पिंजरा लावायला आली. त्यांच्यातला एकजण दार बघून म्हणाला, उसाकडेला घर बांधता आणि दार आत उघडणारं कसं काय करता? शेजारी लगेच म्हणाला, आमचा सुतारच तसला होता, सगळं उलटंच करायचा. सगळे हसले. मी कपांत चहा ओतत होतो, ओतत राहिलो. मांडवात मला सासऱ्यांची भीती होती असं म्हणता तरी येतं. इथे कुणाची होती?

तिसऱ्या दिवशी आई पहिल्यांदा बोलली ती एवढंच, की त्या मिस्त्रीला बोलव आणि दार फिरवून घे.

मी कपाटातली ती टॉवेल-टोपी पिशवीत घातली आणि निघालो. मंचर, घोडेगाव, मग धरणाच्या कडेकडेने वर. आहुप्याच्या अलीकडे वस्ती विचारत विचारत त्यांच्या घरापाशी पोचलो. बसकं कौलारू घर, पुढे दगडी पायरी, चांगली तीन हात रुंद. मी हाक मारली आणि दार ढकललं. हललं नाही. खांदा लावून ढकललं.

आतून बाईचा आवाज आला. "ढकलू नका. वढा."

मी ओढलं. दार बाहेर आलं आणि मला मागे सरायला भरपूर जागा होती.

मिस्त्रींची बायको नाचणी पाखडत बसली होती. मिस्त्री कुठे आहेत विचारलं तर म्हणाली, आषाढात गेले. तापाचं निमित्त झालं. मग तिने मी कोण ते विचारलं. मी सांगितलं तेव्हा सूप तिच्या हातात थांबलं.

"खोडदच्या रस्त्याचं घर? त्याच घराचं दार त्यांच्याकडून चुकलं व्हतं. शेवटपत्तुर तेच धरून बसले. माप दोन-दोनदा घ्यायचे, तरी मन मानायचं न्हाई."

बायकोलाही त्यांनी खरं सांगितलं नव्हतं. का, ते मला माहीत नाही. चारचौघांत एकदा कबूल केलेलं फिरवायचं नाही, असं त्यांच्या मनात असेल. की माझ्या खोट्यावर त्यांचाच विश्वास बसला होता? हे दुसरं मला झोपू देत नाही.

मी तिला सगळं सांगितलं. पायरीचं, मांडवातलं, चहा ओतत राहिलो तेही. ती माझ्याकडे न बघता ऐकत होती. मी टॉवेल-टोपी पुढे केली. तिने हात लावला नाही.

"हे हितं आनून काय उपेग? तिथं बोललात ना, तिथंच सांगा."

पिशवी घेऊन मी परत आलो. नारायणगावच्या दुसऱ्या सुताराकडून दार पुन्हा बाहेर फिरवून घेतलं, पायरी तीन हात केली, गाडी रस्त्याच्या कडेला लावायला लागलो. मग सत्यनारायण घातला आणि वास्तुशांतीला होते तेवढे सगळे बोलावले. सासरे पुढच्या रांगेत खुर्चीवर बसले होते. आरती झाल्यावर मी उभा राहिलो आणि बोललो. सगळं बोललो. दार माझ्या होकारानेच तसं झालं होतं, पायरी मी कापली होती, मिस्त्रींचं काही चुकलं नव्हतं.

सासऱ्यांनी प्रसादाचा द्रोण खाली ठेवला.

"कोन सुतार?" त्यांनी विचारलं.

कुणीतरी सांगितलं, तो उलट्या दाराचा. ते हां म्हणाले, थोडं आठवून पाहिलं आणि शेजाऱ्याला द्राक्षांच्या छाटणीचं विचारू लागले.

माणसं पांगल्यावर मी दारापाशी गेलो. दोन बोटं लावून ते अर्धवट उघडलं आणि हात काढून घेतला. क्षणभर थांबलं. मग हळूहळू आपोआप सरकत आलं आणि मिटलं.