म्हशीची बाटली

रक्त तपासायला गेलो, तर शेजारच्या खुर्चीवरचा माणूस अंगठा एकेका बोटाला टेकवून बघत होता. ओळखलं मी त्याला. आमच्या चौकातल्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतो, तोच.

"जप करताय काय?"

"न्हाय ओ. मुंग्या येत्यात का बघतोय."

थायरॉईडच्या ऑपरेशननंतर त्याचं कॅल्शियम उतरलं होतं; ते उतरलं, की बोटांना मुंग्या येतात. डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीच्या कॅप्सूल ठरवून दिल्या होत्या. पण एकदा धार काढताना बोटं बधिर झाली, तेव्हापासून तो आपल्याच मनानं जास्त घ्यायला लागला. वर व्यालेल्या म्हशीला पाजायची कॅल्शियमची बाटलीही तोंडाला लावायचा. कॅल्शियम कमी पडून बसलेली म्हस त्यानं उठून उभी राहते, मग माणसाला काय होतंय, असा त्याचा हिशेब. पुढं तहान भागेना, उलट्या थांबेनात. कॅल्शियम इतकं चढलं, की दवाखान्यात सलाईन लावावं लागलं.

"किडन्या वाचल्या म्हणायच्या," तो शांतपणे म्हणाला.

"आणि आता मुंग्या आल्या तर?"

आतून हाक आली. उठता उठता त्यानं बाही वर सारली.

"लगेच डॉक्टरास्नी फोन. म्हस तरी कुठं आपल्या मनानं बाटली पिती, पावणं?"