दुपारी बारा दहाचा फोन

आत्याचे आवाज दोन. घरातला आवाज म्हणजे पत्र्यावर खडे पडावेत तसा, "कोणी घेतला माझा चष्मा, तोंडाने बोला की". आणि ड्यूटीवरचा आवाज असा, की पलीकडच्या माणसाचं दुखणं निम्मं तिथेच बरं व्हावं. "नमस्कार, हॉस्पिटल. कुठे जोडून देऊ?" हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकोणीस वर्षं रात्रपाळी. सकाळी आठला घरी, आंघोळ, चहा, नऊ वाजता झोपेची गोळी, पडदे बंद. घर जागं असताना ती झोपायची, त्यामुळे आमच्याकडे भांडीसुद्धा कुजबुजत घासली जायची.

गोळी काका, म्हणजे आत्याचे यजमान, गेले तेव्हापासूनची. जुन्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, दहा दिवस. त्या दहा दिवसांना अकरा वर्षं झाली. आत्याने चिठ्ठी फाटू नये म्हणून लॅमिनेट करून घेतली होती आणि औषधाच्या दुकानात ती पाससारखी दाखवायची. दुकानदार नाकात बोलायचा, "आल्या का आत्याबाई," आणि चिठ्ठीकडे न बघताच पाकीट पुढे सरकवायचा. मग त्याचा मुलगा गल्ल्यावर बसायला लागला. त्याने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "आत्या, ही चिठ्ठी आहे की आधीच्या राजवटीचा परवाना? यावर मी देणार नाही. डॉक्टर गाठा."

आत्या आठवडाभर त्याला शिव्या देत होती. पण तिची खरी भीती झोपेची नव्हती. खरी भीती होती बारा दहा चुकण्याची.

आमच्या घरातल्या बोळात भिंतीवर एक जुना फोन आहे. लाइन केव्हाच कापलेली. काढला तर भिंतीला डाग दिसेल म्हणून बाबांनी ठेवलेला. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी आत्या झोपेतून उठायची. डोळे उघडे, पण त्यांत आपण नाही. भिंतीला न धरता सरळ बोळात यायची, रिसीव्हर उचलायची, आणि त्या ड्यूटीवरच्या आवाजात म्हणायची, "बोला." मग ऐकायची. मान डोलवायची. "हो. लिहून घेतलं. सांगते." शेजारच्या पॅडवर लिहायची आणि परत जाऊन झोपायची. बारा दहा ही काकांची जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातून याच फोनवर तिला उठवून बोलायची वेळ होती.

ती उठल्यावर चिठ्ठी वाचायची. हॉस्पिटलच्या निरोपाच्या फॉर्मसारखीच, अक्षर शाळेच्या फळ्यावरचं. वेळ, १२.१०. कोणाकडून, हे. कोणासाठी, मी. निरोप, छत्री गच्चीवर राहिली. छत्री खरंच गच्चीवर असायची.

"ठेवली कोणी होती गच्चीवर? तुम्हीच," आई म्हणायची.

"मला आठवत नाही ते त्यांना आठवतं, यात तुला काय त्रास आहे गं वहिनी?"

सगळ्यात जास्त भीती वाटायची ती आत्या रिसीव्हर कानाला लावून ऐकत असायची तेव्हा. माणूस नुसतं गप्प उभं राहतं ते वेगळं, आणि कोणीतरी बोलत असताना गप्प राहतं ते वेगळं. हे दुसरं होतं.

नव्या डॉक्टरीणबाई प्रत्येक वाक्याला शेपूट लावायच्या. "अकरा वर्षं म्हणजे शरीराला सवय झालीय, कळतंय ना? एकदम बंद केली तर फिटसुद्धा येऊ शकते, कळतंय ना? दर महिन्याला पाव गोळी कमी. शेवटी त्याहून बारीक. मधेच जास्त नाही, मधेच बंद नाही. सर्दीचं सिरपसुद्धा विचारल्याशिवाय नाही."

"कळतंय," आत्या म्हणाली. फोनबद्दल बोलली नाही. आईनेही सांगितलं नाही, कारण आत्याने दारातच तिला दटावलं होतं, "घरातलं दवाखान्यात न्यायचं नाही."

पाऊण गोळीवर आत्याला घाम यायचा, हात थरथरायचे. बंद घरात घंटी ऐकू यायची, ती उठून बसायची, "कोणाचा आहे?" अर्ध्या गोळीवर झोप तुटक झाली, आणि चिठ्ठ्यांतले निरोप आखूड झाले. आधी दोन ओळी, मग तीन शब्द. एकदा फक्त, वेळ १२.१०, कोणाकडून, हे. पुढे काहीच नाही.

"आवाज लांब चाललाय त्यांचा," आत्या म्हणाली. पत्र्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. "खराब लाइनवर असंच होतं. आधी माणूस तुटक येतो, मग नुसती खरखर."

एक्स्चेंजमध्ये काहीही टाकायचं नाही ही तिची शिस्त. तुटलेली पेन्सिलसुद्धा पाकिटात घालून वर तारीख. सुरीने कापलेल्या गोळ्यांचे उरलेले तुकडेही तिने असेच एका पाकिटात जमवले होते. एके सकाळी पाळीवरून आली आणि ते सगळे एकदम पाण्याबरोबर घेतले. लाइन नीट लागावी म्हणून.

त्या दिवशी आईचं डोकं दुखत होतं, म्हणून ती कामावर गेली नव्हती. एरवी सुट्टीचा दिवस सोडला तर बारा वाजता घरी कोणी नसतं. बारा पाचला आत्या उठली. आईला वाटलं पाणी प्यायला. आत्या स्वयंपाकघरात गेली, शेगडीवर पातेलं ठेवलं, बटण फिरवलं. काडी ओढली नाही, पण लांबून बघणाऱ्या आईला ते लगेच कळलं नाही. तशीच ओट्याजवळ उभी राहिली, मग वळून बोळात आली. बारा दहा.

"बोला," मधाळ आवाज. बराच वेळ ऐकणं. "हो. गॅस. लिहून घेतलं. सांगते तिला."

लिहिलं आणि शांतपणे खोलीत गेली. दार लागलं.

आईने धावत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. मग बोळात येऊन पॅड उचललं. पॅडवर होतं: कोणासाठी, मी. निरोप, गॅस चालू आहे, तिला सांगा.

आत्याला हलवलं तर ती उठेना. दुपारी तिच्याच हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. रात्रभर तिथेच होती, तिच्याच एक्स्चेंजमधून घरी फोन आला, दुसऱ्याच कुणाच्या तोंडून, "नमस्कार, हॉस्पिटल."

आत्या शुद्धीवर आल्यावर आईने चिठ्ठी तिच्यासमोर धरली. "चालू तुम्ही केला, ताई. मी बघितलं. निरोपही तुम्हीच घेतलात, आणि कोणाला सांगितला नाहीत."

आत्याने चिठ्ठी हातात घेतली. "मग आधीचे? आधीच्या सगळ्या गोष्टी मीच..."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, पण शेपूट गायब झालं होतं. "हे मला पहिल्या दिवशी हवं होतं. असं झोपेत उठणं हे या गोळीनेच होतं. आता गोळी वहिनींच्या ताब्यात. सिलिंडर खालून बंद. दुपारी घरी कोणीतरी हवंच. रात्रपाळी बंद, मी पत्र देते. अर्ध्यावरून खाली येऊ, आजपासून."

"एक आठवडा द्या," आत्या म्हणाली. "त्यांना सांगितलेलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी आईकडे पाहिलं. आईने रजा मोजली आणि मान हलवली.

त्या आठवड्यात आत्याने जागेपणी, चष्मा लावून, एक फॉर्म भरून फोनखाली ठेवला. कोणाकडून, मी. कोणासाठी, हे. निरोप, गोळी सोडतेय. आता दुपारी उचलणार नाही. रात्रपाळी सुटली तरी झोप अजून दुपारचीच; सहा दिवस ती झोपेतच बारा दहाला उठली, रिसीव्हर उचलला, बोलली काहीच नाही. आई तिच्यामागे हातभर अंतरावर उभी. सातव्या दिवशी आत्या उठली नाही. आई एकटीच बोळात जाऊन आली आणि बारा वाजून बारा मिनिटांनी तिने आत्याला हलवून जागं केलं, हातात फॉर्म. निरोपाच्या खाली, जिथे पोहोचवणाऱ्याने खूण करायची असते, तिथे बरोबरची खूण होती.

"ही तुम्ही केलीत?"

"मी आज उठलेच नाही. तू केलीस?"

"मी कशाला करू."

आत्याने चष्मा लावून खूण पुन्हा पाहिली. मग आत्याने फॉर्मची घडी घातली, आईला म्हणाली, "आण ती सुरी," आणि दुसऱ्या दिवसाची गोळी पाव करून उरलेला तुकडा मोरीत टाकून वरून पाणी ओतलं.