वकीलकाकूंची उलटतपासणी

वकीलकाकू वकील नव्हत्या. लंडनमधल्या पिनरजवळच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं. पण समोरच्याने नुसतं ‘आज थंडी आहे’ म्हटलं तरी त्या ‘कशावरून?’ असं विचारायच्या, म्हणून हे नाव पडलं. मी नोकरीसाठी पुण्याहून आलो आणि त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहू लागलो. पहिल्याच दिवशी म्हणालो, “काकू, चहा फर्स्ट क्लास.” त्या म्हणाल्या, “कशावरून? अजून तोंडाला तरी लावलास का?”

काकू मूळच्या नागपूरच्या. रविवारी विहारात वंदना झाली, की कुणी ना कुणी व्हिसाचं लचांड घेऊन त्यांना गाठायचंच. “मी सल्ला नाही देत, बाप्पा,” त्या आधीच सांगायच्या. “त्याला इथे सरकारी नोंदणी लागते. मी फक्त प्रश्न विचारते.” पण ते प्रश्न असे असत, की विचारायला आलेला माणूस विचारात पडून घरी जाई.

माझ्या ऑफिसातली शलाका वॉटफर्डला राहायची. लग्न होऊन वर्ष होत आलं तरी नवरा, अमित, भारतातच होता. एका रविवारी मी तिला काकूंकडे जेवायला नेलं. ती खुशीत होती. फेसबुकवर तिला एक एजंट भेटला होता. तो अमितचा व्हिसा ‘आतून’ करून देणार होता. बँकेचं स्टेटमेंट कमी पडलं तर तेही तोच ‘तयार’ करणार होता.

“काकू, आपल्याकडचाच आहे. किती छान मराठी बोलतो!”

“मराठी बोलतो हे कळलं. बाकीचं कशावरून? लाव त्याला फोन. स्पीकरवर ठेव.”

एजंटने फोन उचलताच काकूंनी विचारलं, “ऑफिस कुठे तुमचं? आम्ही भेटायला येतो.”

“अहो काकू, तुम्ही मला आईसारख्या. हल्ली सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच होतं.”

“नोंदणी कोणत्या नावाने आहे? सरकारी वेबसाइटवर बघते मी.”

“आमचं काम थेट आतून असतं, काकू. आणि आज उरलेले पैसे नाही भरले, तर स्लॉट जाईल.”

“जाऊ दे. देश काय पळून चाललाय?”

त्याचा आवाज एकदम चढला. “ए बाई, तुझ्या पोरीचं नाव काळ्या यादीत टाकीन! डिपोर्ट होईल ती!”

शलाकाचा चेहरा पांढरा पडला. काकू शांतपणे म्हणाल्या, “टाक. कोणत्या ऑफिसात बसून टाकणार, तेवढं सांग.”

फोन कट झाला.

शलाका रडायलाच लागली. ॲडव्हान्स गेला होता, दोघांच्या पासपोर्टच्या कॉपी त्याच्याकडे होत्या. “आता अमित कधीच येणार नाही, काकू.”

“काऊन रडतेस, माय?” काकूंनी तिच्या पानात भात वाढला. “अर्ज गेला नाही, हे नशीब समज. खोटं स्टेटमेंट सापडलं असतं, तर कित्येक वर्षं दार बंद झालं असतं. आधी जेव. मग बँकेला फोन कर, फ्रॉडची तक्रार कर.” तिने एवढा पैसा पाठवला कसा, हे मात्र काकूंनी विचारलं नाही. त्या दिवशी न विचारलेला तो एकच प्रश्न.

ॲडव्हान्स परत मिळाला नाही. शलाकाने सरकारी वेबसाइटवरून स्वतः अर्ज केला, सगळे कागद खरे लावले, आणि वसंतात अमित आला. काकूंनी त्याला पुरणपोळी खाऊ घातली.

त्याच वर्षी हिवाळ्यात काकू गेल्या. छोटंसं आजारपण, बस.

विहारातल्या शोकसभेला हॉल पुरेना. केंब्रिजचा एक संशोधक आला होता, केअर होममधल्या दोन मुली युनिफॉर्मवरच आल्या होत्या. इथेच जन्मलेली काकूंची मुलगी गोंधळून मोडक्या मराठीत मला म्हणाली, “एवढा माणसं आईला कसा ओळखतो? ती कधी बोललीच नाही.”

मी काही सांगणार, एवढ्यात मागून एक अनोळखी बाई पुढे आली. मुलीचा हात हातात घेऊन म्हणाली, “माझा मुलगा आज माझ्याजवळ आहे, तो तुझ्या आईमुळे.” तिच्या मागे आणखी कुणी उभं होतं. त्याच्या मागे आणखी कुणी. बघता बघता दारापर्यंत रांग लागली.