ऑगस्टमधले चौदा हीटर

सई आणि अर्णव,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर अर्णवने विचारलं, "आजी, तू अमेरिकेत गांजाची शेती करायचीस हे खरं का?" तुमच्या आईने लगेच फोन स्वतःकडे ओढला आणि नाशिकच्या थंडीबद्दल बोलायला लागली. प्रश्न तसाच राहिला. कुठल्या तरी लग्नात कोणीतरी अर्धवट काहीतरी सांगितलं असणार. अर्धवट माहिती मला चालत नाही, म्हणून सगळं नीट लिहून पाठवते आहे. सईने मोठ्याने वाचावं. अडेल तिथे मला विचारा, आईला नको.

आधी सरळ उत्तर. मी शेती केली नाही. मी खोली तयार करून दिली, आणि त्या खोलीत माझी एक चूक झाली.

इथे न्यू जर्सीत डॉक्टरांनी लेखी दिलं तर हे झाड औषध म्हणून मिळतं. केमोथेरपीत ज्यांच्या उलट्या थांबत नाहीत, पोटात अन्न राहत नाही, असे रुग्ण ते घेतात. पिकवणाऱ्याला राज्य सरकारचं लायसन्स लागतं. भारतात कायदा वेगळा आहे आणि तिथे राहणाऱ्यांनी तो पाळायचा असतो. एवढं झालं की आईची काळजी मिटेल.

मी एचव्हीएसी इंजिनियर. म्हणजे इमारतीतल्या हवेचं काम. हवा किती गार, किती कोरडी, किती स्वच्छ हे ठरवायचं आणि तशी यंत्रं बसवायची. हॉस्पिटलची ऑपरेशन थिएटर्स हे माझं मुख्य काम होतं. रिटायर झाल्यावर अधूनमधून कन्सल्टिंग करत होते, तेव्हा डेनिस आली. डेनिस ही आधी नर्स होती, मरणाच्या दारातल्या रुग्णांची शुश्रूषा केलेली. तिने लायसन्स मिळवलं होतं आणि गालिच्यांचं एक जुनं गोदाम घेतलं होतं. ती म्हणाली, "मला बाग नको. मला ऑपरेशन थिएटरसारखी खोली हवी, ज्यात झाडं असतील."

मला हे वाक्य आवडलं. तिथूनच चूक सुरू झाली, पण ते नंतर कळलं.

झाडं खोलीत का वाढवायची? औषध प्रत्येक वेळी सारखंच निघायला हवं म्हणून. आणि किडीवर फवारणी करायची नाही म्हणून. प्रत्येक लॉट लॅबमध्ये जातो. बुरशी सापडली की लॉट नापास, आणि नापास माल नष्ट करायचा. नियम कडक आहे आणि तो बरोबर आहे. केमो घेणाऱ्याची प्रतिकारशक्ती इतकी कमी असते की आपल्याला शिंक आणणारी बुरशी त्याचा जीव घेऊ शकते.

हे झाड आपल्या शेवंतीसारखं आहे. रात्र मोठी झाली की फुलतं. म्हणून फुलं हवी असतील तेव्हा बारा तास प्रखर दिवे आणि बारा तास पूर्ण काळोख. पूर्ण म्हणजे पूर्ण. फटीतून उजेड आला तरी बिघडतं. आमचे दिवे पहाटे तीनला लागायचे आणि दुपारी तीनला बंद व्हायचे, कारण बाहेर ऊन तापलेलं असताना आत दिव्यांची उष्णता नको.

दोन खोल्या होत्या. पहिलीत लहान रोपं, दुसरीत फुलावर आलेली झाडं. दुसरीला सगळे रूम टू म्हणायचे. कापणीला तीन आठवडे उरले होते आणि ऑगस्ट महिना होता, तेव्हा डेनिसचा फोन आला.

"काकू, तुमची खोली सडते आहे."

ती मला काकू का म्हणायची ते सांगते. तिथली सेन्सर आणि कंट्रोलची कामं नितीन वानखेडेकडे होती. नागपूरचा, चाळिशीतला, स्वतःची छोटी कंपनी. तो मला काकू म्हणायचा आणि बाकीच्यांना ते माझं नाव वाटलं. मी दुरुस्त केलं नाही. माझ्या खऱ्या नावाचे ते जे हाल करायचे त्यापेक्षा हे बरं.

मी पोचले तर रे दारातच उभा होता. रे म्हणजे तिथला मुख्य माळी, साठीचा, आधी काचघरात टोमॅटो पिकवणारा. त्याने प्लास्टिकची पिशवी पुढे केली. आत एक फूल, मधोमध करड्या रंगाचं लोकरीसारखं काहीतरी. याला ते बड रॉट म्हणतात. फूल बाहेरून छान दिसतं आणि आतून कुजतं. उत्तरेच्या कोपऱ्यात चार झाडांवर सापडलं होतं.

"हवा दमट आहे," रे म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. "मी दर मंगळवारी मोजते. पंचावन्न टक्के. अगदी हवी तेवढी."

"मग बुरशीला सांगा तसं."

नितीनने दाराला दोष दिला, कोणीतरी उघडं ठेवतं म्हणाला. रेने नितीनच्या सेन्सरला दोष दिला. मी सेन्सर तपासला, तो बरोबर होता. स्क्रीनवरचा आलेख सपाट होता, रोज बासष्ट-त्रेसष्ट, म्हणजे माझ्या मंगळवारच्या आकड्यापेक्षा थोडा वर, पण बुरशी येण्याइतका नाही. इतका सपाट की मला शंका आली. हॉस्पिटलमध्येसुद्धा हवा इतकी शहाण्यासारखी वागत नाही.

"नितीन, हे आकडे किती वेळाचे?"

"काकू, ते डेली ॲव्हरेज आहे. डेनिसला स्क्रीन क्लीन हवी होती, म्हणून तसं सेट केलं."

"मला दर दहा मिनिटांचे काढून दे."

त्याने काढले. सपाट रेघ गेली आणि रोज एक डोंगर दिसला. दुपारी तीनला सुरू, साडेतीनपर्यंत चौऱ्याऐंशी टक्के, संध्याकाळी उशिरापर्यंत तसाच. मी दर मंगळवारी सकाळी दहाला यायचे, कारण तेव्हा हायवेवर ट्रॅफिक कमी असतो. त्या वेळी खोली माझ्यापुढे चांगली वागत होती.

दुपारी तीनच्या आधी मी आत जाऊन बसले. काळोखात फक्त मंद हिरवा दिवा चालतो, झाडांना तो फारसा जाणवत नाही. तसा एक दिवा कपाळाला बांधला आणि पालथ्या बादलीवर बसले. बरोबर तीनला दिवे गेले. पाच मिनिटांत एसीचा आवाज बंद झाला. शांतता झाली. मग माझा चष्मा धुरकटला. पुसला, पुन्हा धुरकटला. हात लावला तर लोखंडी बाकावर पाणी होतं.

तेव्हा कळलं. झाड जेवढं पाणी पितं त्यातलं जवळजवळ सगळं पानांतून हवेत सोडतं. हवा गार करता करता एसी ते पाणी ओढून घेतो. दिवे लागलेले असताना एसी सतत चालतो, त्यामुळे सगळं ठीक. दिवे गेले की खोली तापत नाही, एसी थांबतो. झाडं मात्र थांबत नाहीत. उरतात फक्त डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढणारी यंत्रं. ती मी दिवे लागलेले आहेत असं धरून निवडली होती, म्हणजे हवी होती त्याच्या निम्मीच. ऑपरेशन थिएटरमध्ये हवेची यंत्रं कधीच बंद होत नाहीत. इतक्या वर्षांत मी अशी खोली केलीच नव्हती जिथे उष्णता निघून जाते आणि पाणी मागे राहतं. काळोखाच्या वेळचं गणित मी मांडलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती. कुंड्या ओल्या होत्या. रेची माणसं साडेतीनला घरी जायची आणि अडीचला सगळ्या झाडांना पोटभर पाणी द्यायची.

"हे कोणी ठरवलं?" मी विचारलं.

"मीच," रे म्हणाला. "टोमॅटोला चालायचं."

बाहेर गाडीपाशी नितीन हळू आवाजात मराठीत म्हणाला, "काकू, हे बरं झालं. पाण्याचं कारण आहेच ना. तेवढं सांगा. उगाच अंगावर कशाला घेता? ड्रॉइंगवर तुमचा शिक्का आहे."

"शिक्का आहे म्हणूनच," मी म्हटलं.

मी खूप शूर होते असं समजू नका. डेनिसच्या ऑफिसात जाताना डोक्यात शिक्काच होता. शिक्का म्हणजे राज्याने मला दिलेला इंजिनियरचा परवाना. तक्रार झाली तर तो जाऊ शकतो. रे आणि नितीन यांच्यासमोरच मी तिला सांगितलं, "पाण्याची वेळ बदलावी लागेल, पण मुख्य चूक माझी आहे. मी यंत्रं कमी धरली."

डेनिसने कॅलेंडर पुढे ओढलं. मग तिने विचारलं, "नवी यंत्रं कधी येतील?"

"दहा दिवस."

"रे, आपल्याकडे दहा दिवस आहेत?"

"तीनसुद्धा नाहीत," रे म्हणाला. "हे पीक गेलं तर दुसरं यायला चार महिने. आणि तेवढे दिवस आपलं लायसन्स रिकाम्या खोलीवर कोण ठेवणार?"

डेनिसचं लायसन्स पहिल्या पिकावर अवलंबून होतं. पीक आलं नाही तर लायसन्स दुसऱ्या कोणाला गेलं असतं आणि रेसकट सात माणसं घरी बसली असती.

मग मला थिएटरमधली जुनी युक्ती आठवली. तिथे हवा आधी जास्त गार करतात, म्हणजे पाणी निघून जातं, आणि मग ती थोडी तापवून आत सोडतात. इथेही तेच करायचं. काळोखात खोली मुद्दाम तापवायची, म्हणजे एसी बंद होणार नाही आणि पाणी ओढत राहील.

"एसी आणि हीटर एकाच वेळी?" नितीन म्हणाला. "ऑगस्टमध्ये? यार काकू, लोक हसतील."

"हसू देत. पण हीटर लाल होणारा नको, उजेड पडेल. तेलाचा हवा."

तेलाचा हीटर म्हणजे पांढऱ्या पत्र्याच्या घड्या असलेला, चाकांवरचा, न पेटता तापणारा. आम्ही चार दुकानं फिरलो. ऑगस्टमध्ये दुकानात पंखे होते. एका सेल्समनने मला विचारलं, "मॅडम, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

परत येताना नितीन अचानक म्हणाला, "काकू, माझ्या बेसमेंटमध्ये एक आहे. आई-बाबा नागपूरहून येतात तेव्हा काढतो."

माझ्याही बेसमेंटमध्ये होता. तुमच्या पणजीसाठी घेतलेला. आमच्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात एक तरी असतो. मुलं इथे घरात हाफ पँटवर फिरतात, आणि भारतातून आलेल्या आई-वडिलांना मे महिन्यातही थंडी वाजते. नितीनने गाडीतूनच आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: काकूंना तेलाचे हीटर हवेत, अर्जंट, तीन आठवड्यांनी परत.

उत्तरं भराभर आली. "काकू, इतकी वर्षं राहूनही थंडी जात नाही का?" "ताप आहे का?" "आमचा घेऊन जा आणि परत आणू नका."

जवळच्या आयसेलिन गावात ओक ट्री रोडच्या मागे राहणाऱ्या कुलकर्णी वहिनींनी मात्र दारातच विचारलं, "कशाला हवेत एवढे?" मी आधी औषधाची खोली म्हटलं. मग वाटलं, एका दिवसात दोनदा खरं बोलायला काय हरकत आहे. सगळं सांगितलं. वहिनींनी एकदा मागे वळून बघितलं. आत कुलकर्णी भाऊ आरामखुर्चीत होते. त्यांची केमो त्याच महिन्यात सुरू झाली होती.

"यांना भूक लागेल का हो त्याने?" वहिनींनी हळूच विचारलं.

"ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. लाजू नका."

त्या आत गेल्या आणि दोन हीटर ढकलत आणले.

संध्याकाळपर्यंत चौदा जमले. प्रत्येकावर मी मालकाच्या नावाची चिठ्ठी लावली. बेसमेंटची धूळ म्हणजेच बुरशी, म्हणून प्रत्येक घडी अल्कोहोलने पुसली. त्यात दुसऱ्या दिवसाची सकाळ गेली. बटणाजवळच्या लाल दिव्यांवर काळी टेप. दिवे बंद असल्यामुळे वीज मोकळी होती, तरी नितीनने लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनला बोलावून एका सर्किटवर एकच हीटर ठेवला. रेने पाणी द्यायची शेवटची वेळ सकाळी अकरा केली.

तीन वाजता आम्ही चौघं स्क्रीनपुढे उभे होतो. दिवे गेले. अठ्ठावन्न. साठ. बासष्ट. एसी चालूच राहिला. एकसष्ट. अठ्ठावन्न. आकडा तिथेच थांबला.

"हे माझ्या आयुष्यातलं विजेचं सर्वांत मूर्ख बिल असणार," डेनिस म्हणाली आणि खुर्चीत बसली.

पुढच्या आठवड्यात आणखी सात झाडं काढावी लागली. ती आधीच आतून कुजलेली होती. त्यानंतर एकही नाही. नवी यंत्रं दहाऐवजी बाराव्या दिवशी आली. मी दुरुस्त ड्रॉइंग काढलं, त्यावर चूक काय होती ते लिहिलं आणि शिक्का मारला. डेनिसने तक्रार केली नाही, पण पुढच्या दोन खोल्यांचं काम मला दिलंही नाही. ते मला योग्य वाटलं.

पिकाचे तीन लॉट लॅबमध्ये गेले. दोन पास झाले. उत्तरेच्या कोपऱ्यातला नापास झाला आणि नियमाप्रमाणे नष्ट केला. दोन लॉटवर लायसन्स टिकलं.

यातून काय शिकायचं? सरासरी विचारू नका, सर्वांत वाईट वेळ कोणती ते विचारा. आणि पाहणीला आपल्या सोयीच्या वेळी जाऊ नका.

डेनिसने नंतर ती जागा एका मोठ्या कंपनीला विकली. रे पुन्हा टोमॅटोकडे गेला. कुलकर्णी भाऊ पुढच्या वर्षी गेले. शेवटचे काही महिने ते दोन घास जेवत होते, असं वहिनी म्हणाल्या. रूम टू अजून चालू आहे.

तुमची आजी