बिब्ब्याचा डाग

"पदर ओढ तोंडावर. बघून घास उतरत नाही."

भरल्या पंगतीत बाई मला म्हणाल्या. मी भाकरी वाढत होते. पाहुण्या बायका हसल्या. एकीनं ताटावर हात आडवा धरला. मी पदर ओढला आणि उरलेली पंगत अंदाजानंच वाढली.

तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांची. गाव हिर्डोशी. बाप गेल्यावर आईनं मला भोरात या बाईंच्या घरी कामाला ठेवलं. भोर तेव्हा संस्थान होतं आणि बाईंचे मालक संस्थानातले अधिकारी. आमच्या लेखी तेच राजे.

त्या वर्षी माझ्या तोंडावर पुळ्या उठल्या. कपाळ, गाल, हनुवटी. लाल, ठसठसणाऱ्या. काही पिकायच्या. बाई म्हणायच्या, "घाण आहे अंगात. आंघोळ करत जा." घरादाराचं धुणं घेऊन नदीवर मी जायची. माझ्याइतकं पाण्यात त्या घरातलं कोणी नसेल. तरी मला ते खरं वाटायला लागलं. चुलीतली राख घेऊन तोंड घासायची, रक्त येईस्तोवर. पुळ्या वाढतच गेल्या.

पंगत उठली तशी बाईंनी मला माजघरात बोलावलं. सुईला बिब्बा टोचला, दिव्यावर धरला. काळं तेल सुटलं. बिब्बा आम्ही टाचेच्या भेगांना लावतो, तोही जपून. बाईंनी माझी हनुवटी धरली आणि गालावर डागणी दिली. मी ओरडले.

"तुमच्या कातडीला हेच लागतं," बाई म्हणाल्या. "सोसेल तुला."

बिब्बा उतला. गाल सुजून डोळा मिटला, पाणी वाहायला लागलं. काम सुटलं नाही. एका डोळ्यानं भांडी घासली. बाजाराच्या दिवशी आई आली. माझ्याकडं बघून मटकन खालीच बसली. मग पदरानं तिनं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "सोस गं बाय. हितं दोन टायमाला भाकर हाय."

मी सोसलं. सूज उतरली, पण गालावर रुपयाएवढा काळा डाग राहिला.

पुढं थोड्याच दिवसांनी बाईंच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे ठरले. सुमाताई माझ्याच वयाची. नेमक्या तिच्या गालांवर पुळ्या आल्या. अगदी माझ्यासारख्याच. घरात सुतक पडल्यासारखं झालं. तिला कोणी आंघोळ कर म्हणालं नाही. बिब्बा तर कोणाला आठवलाही नाही. वैद्यबुवांना बोलावणं गेलं.

वैद्यबुवा आले तेव्हा मी तिथंच कोपऱ्यात सहाणेवर चंदन उगाळत होते. सुमाताईच्या लेपासाठी. वैद्यबुवा हसून म्हणाले, "काळजी नको, वयाच्या पुळ्या आहेत. या वयात कातडीला तेल सुटतं. गरीब असो, श्रीमंत असो, सगळ्यांना येतात. फोडायच्या नाहीत, घासायच्या नाहीत. साध्या पाण्यानं तोंड धुवा. वेळ लागेल, पण ओसरतील."

माझा हात सहाणेवर थांबला. वयाच्या. म्हणजे माझ्याही वयाच्याच. मग घाण कुठली? राख कशाला? आणि हा डाग कशाचा?

मी पदर मागं सारला. "बुवा, माझ्याबी वयाच्याच का?"

त्यांनी माझा गाल बघितला. हसू गेलं. "हा बिब्बा कोणी लावला?"

"अडाणी पोर," बाई चटकन म्हणाल्या. "स्वतःच लावून घेतला."

त्या बोलल्या त्या सुरात काहीच नव्हतं. पाणी दे म्हणावं तसं. मी सहाण बाजूला सारली.

"म्या न्हाई लावला. बाईंनी लावला."

सुमाताईनं मान खाली घातली. वैद्यबुवांनी पिशवी बांधली. दारात माझ्याकडं न बघता म्हणाले, "खोबरेल लावत जा." एवढंच. मोठ्या घरचं दुखणं त्यांना सोडायचं नव्हतं.

दिवेलागणीला बाई परत सुई आणि बिब्बा घेऊन आल्या. "जीभ लांब झालीय तुझी. ये इकडं."

त्यांनी हनुवटीकडं हात आणला. मी त्यांचं मनगट धरलं. मऊ होतं. त्यानं जातं कधी ओढलं नव्हतं.

"न्हाई," मी म्हणाले. "माझ्या तोंडाला आता तुमचा हात लागायचा न्हाई."

सकाळी हिर्डोशीची वाट धरली. रस्त्यात माणसं बघत होती. पदर मी डोक्यावरच ठेवला, तोंडावर ओढला नाही. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या साली आम्ही नाचणीची आंबील पिऊन दिवस काढले, काही दिवस तीही नव्हती.

पुळ्या वयाबरोबर गेल्या. डाग आहे. लोक विचारतात, देवीचा का? भाजलं का? मी त्यांना खाली बसवते. भोरातल्या कोणत्या घरात, कोणत्या बाईनं, कोणत्या हातानं बिब्बा लावला, सगळं नावानिशी सांगते. ती माणसं मोठी आहेत, जपून बोल, असं मला सांगतात. मी जपून बोलत नाही. हा गाल आहे तोवर सांगणार आहे.